बडोद्यात तापास: थाळीची सवय दाराबाहेर ठेवून या

नमस्कार मंडळी! २८ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आपल्या बडोद्यात आले होते, आठवतंय ना? टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये बैठक झाली. एकूण ५६ विमानांचा करार. त्यातली १६ स्पेनच्या सेव्हिल शहरातून यायची आणि ४० इथे बनायची. पण खाणाऱ्यांना सेव्हिल माहीत असतं ते तापाससाठी, म्हणजे पेयासोबत खायच्या छोट्या छोट्या बश्यांसाठी. आता मी बसलोय इथल्याच एका रेस्टॉरंटात, आणि मेनूत 'स्पॅनिश तापास' असं अख्खं पान आहे.

हे पान बघून आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "एवढीशी वाटी आणि एवढे पैसे?"

रागावू नका, पण यात थोडा दोष आपल्या खाण्याच्या पद्धतीचा आहे. स्पेनमध्ये लोक रात्री नऊ-दहाला जेवतात. त्याआधी भूक लागते, म्हणून बारमध्ये उभ्या उभ्या एक पेय, एक-दोन छोट्या बश्या, गप्पा, की निघाले पुढच्या बारमध्ये. ग्रानादा शहरात तर पेय मागवलं की सोबतची बशी बहुतेक ठिकाणी आजही फुकट येते. आपण मात्र एकाच टेबलावर ठाण मांडतो, आठ बश्या एकदम सांगतो आणि थाळीसारख्या सगळ्या समोर मांडून घेतो. तळलेलं गार होतं, पावावरचं ओलं होतं. मग म्हणायचं, काही खास नव्हतं.

चार जण असाल तर एका वेळी दोन किंवा तीनच बश्या मागवा. त्या संपल्या की पुढच्या. वेटरला बसल्याबसल्या सांगून ठेवा, नाहीतर तो सगळं एकदम आणून मोकळा होतो.

(बशी कॅमेऱ्याजवळ धरून) हे पातातास ब्रावास. माद्रिदची शान. बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि वर तिखट सॉस. कुठल्याही किचनची परीक्षा मी याच बशीवर घेतो. खरा तिखटपणा येतो पिमेंतॉनमधून, म्हणजे स्पेनच्या लाल मिरचीच्या पुडीतून. ला वेरा भागात या मिरच्या ओकच्या लाकडांच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे सॉसला धुरकट वास येतो. माद्रिदमध्ये कित्येक जण यात टोमॅटो घालतच नाहीत. इथे? (चव घेतो) आंबटगोड लागतंय. केचप आहे हो यात, लपवून लपत नाही. बटाटा मात्र फर्स्टक्लास तळलाय.

आता माझी लाडकी बशी, आणि ही थेट सेव्हिलची: एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस. पालक आणि काबुली चणे. त्यात जिरं, लसूण, पिमेंतॉन, आणि रस दाट करायला तळलेला पाव वाटून घालतात. शेवटी थोडं व्हिनेगर. पालक स्पेनमध्ये नेला अरबांनी. जिरं-लसणाची चव ओळखीची, त्यामुळे हे खाताना आपल्या माणसाला परकं वाटत नाही. आमच्या आत्यांना वाढलं तर "भाकरी आण रे" म्हणतील! मेनूत दिसलं तर सोडू नका.

तसंच कोर्दोबा शहराकडचं तळलेलं वांगं. तिथे त्यावर उसाची काकवी सोडतात. इथे बहुतेक जण मध घालतात. गुजरातेत बसून काकवी मिळू नये, कमाल आहे!

"पण दारूबंदीत तापास कसले?" असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात याच्यासोबत हेरेस शहराकडची फिनो शेरी ही वाइन पितात, आणि ती अजिबात गोड नसते. तेल, लसूण, मीठ यांना छेद देणारं काहीतरी हवं, एवढाच मुद्दा. बिनसाखरेचा लिंबू-सोडा घ्या, काम होतं. बिनदारूची सांग्रिया म्हणून जो फळांचा गोड रस देतात, तो लसणाच्या बशीवर मला तरी चालत नाही.

शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. स्पॅनिश टॉर्टिया म्हणजे मेक्सिकोची रोटी नव्हे, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट आहे. अलिओली या लसणाच्या सॉसमध्ये बऱ्याचदा अंडं असतं. आणि क्रोकेतास. बाहेरचा ब्रेडचा चुरा चिकटवायला अंडं वापरतात, आत दूध-मैद्याचा घट्ट सॉस, आणि स्पेनमध्ये त्यात बऱ्याचदा हॅम, म्हणजे डुकराचं मांसही असतं. इथे मश्रूम घालतात. फोडल्यावर आतलं मऊसूत, वाहायला आलेलं दिसलं पाहिजे. बटाटा निघाला तर ते कटलेट आहे, पैसे कटलेटचेच द्यावेसे वाटतील.

जैन पाहुणे सोबत असतील तर मात्र कठीण. लसूण काढला की यातलं अर्धं पान गळतं. त्यांच्यासाठी ऑलिव्ह, चीज, आणि पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल नि मीठ घातलेलं पान कॉन तोमाते, तेही लसूण न लावता सांगा.

राहिले चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या. स्पेनमध्ये ते सकाळी न्याहारीला दाट चॉकलेटात बुडवून खातात, आपल्याकडे डेझर्टच्या रांगेत बसवलेत. हरकत नाही, फक्त जेवणासोबत ऑर्डर देऊ नका. बश्या उचलल्यावर सांगा, म्हणजे कढईतून थेट येतील. अहो दादा, आमचे चुरोस आता टाका!