अर्धवट लेण्यांकडे बघायला शिका

नमस्कार. लेणी दाखवायला मुलांना नेतो तेव्हा आपण त्यांना सगळ्यात देखणं आणि पूर्ण झालेलं काम दाखवतो. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, अजिंठ्याची चित्रं. ते दाखवायलाच हवं. पण माझं लेण्यांचं वेड सुरू झालं ते अर्धवट सोडलेल्या, मोडलेल्या जागांमुळे. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

लहानपणी सुट्टी लागली की मामा आम्हाला लोणावळा लोकलनं मळवलीला न्यायचे आणि तिथून चालत भाजे. मामांचं सुतारकामाचं दुकान होतं. भाज्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग लाकडी होता, तो कधीच गेला. खडकात उरल्यात त्या नुसत्या खोबणी. बाकीचे लोक वर कमानीकडे बघायचे, मामा खाली खोबणीपाशी उकिडवे बसायचे. "घाल हात," म्हणायचे, "आता सांग, इथं केवढं कुसू, लाकडाचं खाचेत घुसणारं टोक, बसत असेल?" चौकोनी, काटकोनात कापलेली खाच. आत बोटं फिरवली की कडा अजून लागायची. मग ते आत न्यायचे आणि खांब दाखवायचे. भाज्याचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा पेलायला खांब असे तिरके धरत. इथे तर सगळा डोंगर एकसंध, पेलायचंय काय? तरी कोरणाऱ्यानं खांब कललेलेच ठेवले, कारण त्याला घर म्हणजे असंच ठाऊक होतं. "हे सुतारानं सांगितलेलं काम आहे," असं मामा ठासून म्हणायचे.

पुढे कॉलेजात असताना कार्ल्याचे ब्राह्मी लेख वाचायला लागलो. त्यातल्या एका लेखात धेनुकाकट या गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दाराचं काम केल्याची नोंद आहे. दगडातल्या दारावर सुताराचं नाव! वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात ते उत्तम आहे, असंही तिथे कोरलेलं आहे. भूतपालाचं नाव पुस्तकांत सगळीकडे येतं. मला मात्र सामीचं नाव वाचून जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. मामांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना पुरावा नकोच होता. कार्ल्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत. त्या पाहाल तेव्हा सामीची आठवण ठेवा.

आता अर्धवट कामाकडे येतो. लेणं वरून खाली कोरत जातात. आधी छत, मग खांबांचे माथे, शेवटी जमीन. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही आणि वरचा दगड खालच्या पुऱ्या झालेल्या कामावर पडत नाही. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते जमीन खडबडीत राहिलेल्या लेण्यात उभं राहिल्यावर. अजिंठ्याचं चोविसावं लेणं याचा उत्तम नमुना आहे. एवढं लांब जायचं नसेल तर जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग गटातलं चैत्यगृह बघा. दर्शनी कमान सुरेख, मध्ये गजलक्ष्मी, आणि चंद नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, हा दर्शनी भाग दान दिल्याचा लेख. आत शिरलात की काम अपुरं. एकाच लेण्यात कुणाचं दान कुठवर पोचलं आणि हात कुठे थांबला, हे डोळ्यांना दिसतं. मला तिथे उभं राहिलं की गलबलून येतं. टाकी खाली ठेवून ती माणसं कुठे गेली असतील?

खुद्द पुण्यात, जंगली महाराज रस्त्यावर, पाताळेश्वराचं लेणं आहे. राष्ट्रकूट काळातलं, आठव्या शतकातलं, आणि तेही पुरं न झालेलं. अंगणातला गोल नंदीमंडप बाहेरून आणून बसवलेला नाही. भोवतीचा खडक काढून टाकला आणि तेवढा मध्ये राखला. म्हणजे अंगणात आपण उभे असतो ती जागा मुळात भरीव दगड होती. मुलांना आधी हे सांगा, मग आत न्या. रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीतरी पुणेकरांनी पायऱ्या उतरून ते पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि पुण्यातलीच वेताळ टेकडी. तिथल्या जुन्या खाणीच्या कापलेल्या भिंतीपाशी मुलांना उभं करा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट आहे. असल्या खडकात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. भाजे, कार्ले, पाताळेश्वर, सगळं याच कुळातल्या दगडात आहे. दगड कळला की कारागिराची निवड कळते.

जाताना एक छोटी टॉर्च घ्या आणि भिंतीवर समोरून न मारता कडेनं तिरपी धरा. टाकीचा घाव न् घाव उठून दिसतो, कोणत्या बाजूनं मारला तेही कळतं. मानमोडीला जाणार असाल तर आग्या मोहोळांची नीट चौकशी करून जा, अत्तर लावू नका, धूर आणि आरडाओरडा अजिबात नको. मोहोळ उठलेलं असेल तर त्या दिवशी मागे फिरा, शिवनेरीच्या पोटातली लेणी बघा. तीही कमी नाहीत.