पद्माळ्याचे वसंतदादा

सांगलीजवळ कृष्णेच्या काठी पद्माळे हे गाव आहे. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या वसंतराव पाटलांचे आईवडील प्लेगच्या साथीत गेले, तेव्हा ते जेमतेम वर्षाचे होते. आजीने त्यांना या गावात वाढवले. शाळा अर्धवट राहिली आणि नांगर लवकर हाती आला.

पडद्यावर दिसतो आहे तो सांगलीचा गणेशदुर्ग. स्वातंत्र्यलढ्यात पकडलेल्या वसंतरावांना इथल्या तुरुंगात ठेवले होते. २४ जुलै १९४३ रोजी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात दोन सहकारी मारले गेले, तर वसंतरावांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले.

१९५२ साली ते सांगलीतून विधानसभेवर निवडून आले. मात्र मंत्रिपदापेक्षा त्यांचा जीव सहकारात अधिक रमला. ऊस पिकवणाऱ्यानेच कारखान्याचा मालक व्हावे, या हिशेबाने त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला. हा कारखाना पुढे कर्जात बुडाला आणि भाड्याने चालवायला द्यावा लागला, हेही सांगितले पाहिजे.

१९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी शरद पवारांनी त्यांचे सरकार पाडले आणि १९८३ मध्ये दादा पुन्हा त्या खुर्चीवर आले. ज्याची स्वतःची शाळा सुटली होती, त्याच माणसाने याच काळात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे प्रवेशासाठी कर्नाटकात जाणाऱ्या मुलांची सोय झाली, तसे शिक्षणसम्राटही निपजले.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही त्यांची घोषणा मात्र सरळ बांधावरून आलेली होती. शिवारात पडलेला पाऊस माती घेऊन ओढ्याने निघून जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाण्याला हावरट असलेल्या उसाचे राज्य ज्यांनी वाढवले, त्यांनीच हे म्हणावे, यातील विसंगती त्यांना जाणवली असेल का, हा प्रश्न आम्हाला चित्रीकरणभर सोडत नव्हता.

राजस्थानचे राज्यपालपद सोडून परतलेल्या दादांचे १ मार्च १९८९ रोजी निधन झाले. पुण्याजवळ मांजरी येथे साखर कारखानदारांनी १९७५ साली स्थापन केलेल्या ऊस संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. उसाला ठिबकने मोजून पाणी कसे द्यावे, याचे धडे शेतकरी आज तिथे घेतात.