कुकडीचे रांजण

(दृश्य: पहाट. नगर रस्ता. खिडकीतून बाभळी, मधूनच उसाचे फड.)

पुण्याहून अंधारातच निघालो, तर रांजणगावचा महागणपती मागे टाकून उजाडताना शिरूर गाठता येतं. तिथून आत वळायचं, टाकळी हाजीकडे. एकूण नव्वदेक किलोमीटर. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो थकलेला असतो. माळ उघडा, मुरमाड. बोरी, बाभळी, हिवर. इथे नदी असेल असं वाटतही नाही, आणि अचानक पुढ्यातली जमीन दुभंगते.

(दृश्य: काठावरून खाली, कुकडीची घळ.)

ही कुकडी. जुन्नरजवळच्या कुकडेश्वरापाशी उगम पावून इथवर आलेली. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज. काठावर मळगंगा देवीचं देऊळ. आसपासची माणसं या जागेला नुसतं ‘कुंड’ म्हणतात. शाळेच्या भूगोलात आपण शिकलेले रांजणखळगे ते हेच.

(दृश्य: खळग्यांचे जवळून चित्रण. काही क्षण निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा बेसाल्ट. पुराच्या पाण्याला भोवरे पडतात. खडकातल्या एखाद्या खोलगट जागी दगडगोटे अडकतात आणि पाणी त्यांना गरगर फिरवतं. गोटा खडकाला घासतो, खडक गोट्याला. पूर ओसरला की काम थांबतं, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पुन्हा सुरू. असं हजारो वर्षं. खळगा रांजणाएवढा होतो, मग माणूस उभा मावेल एवढा. शेजारशेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून कोसळते आणि पात्र आणखी खोल जातं. म्हणजे खळगे घळीत पडले असं म्हणण्यापेक्षा खळग्यांनीच घळ कोरली, असं म्हणायला हवं.

बहुतेक जण पुलावरून फोटो काढून अर्ध्या तासात परततात. माझं कळकळीचं सांगणं आहे, सकाळ इथे घालवा. उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर या. काठाकाठाने सावकाश चाला आणि मध्येच बसून राहा.

(दृश्य: कड्याच्या कपारी, पाखरं.)

बसलात की घळ बोलू लागते. कपारींत पारवे घुमतात. पाकोळ्या पाण्यावरून झपकन निघून जातात. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि दगड पडावा तसा सरळ खाली सूर मारतो. टिटवी ओरडली तर दोन पावलं मागे या. तिची अंडी उघड्यावरच असतात आणि खड्यांत खडा दिसतात.

दख्खनच्या अशा माळांवर, पावसाआधीच्या तापलेल्या दिवसांत, एखाद्या धोंड्यावर सरडा गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो. मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला इशारा, दोन्ही त्यातच. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची स्वतंत्र प्रजाती (जीनस) मानली आणि तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा. मला याचा फार आनंद वाटतो.

(दृश्य: संध्याकाळ. उसाच्या फडाची कड.)

परतीची वेळ मात्र पाळा. कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यांनी या पट्ट्यात आलं, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. माद्या फडातच पिल्लं वाढवतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, या चारही तालुक्यांत माणसं दगावली आहेत, घरं उजाड झाली आहेत. पकडलेले बिबटे ठेवतात ते माणिकडोहला, याच नदीवरच्या धरणाजवळ. दिवस कलायच्या आत निघा, लहान मुलांना हाताशी धरा. पाण्यात उतरू नका. कडा गुळगुळीत आहेत आणि आतल्या रांजणाची खोली वरून कळत नाही.

(दृश्य: कोरड्या खळग्याचा तळ. तळाशी वाटोळे गोटे.)

आणि हे गोटे. अंड्यासारखे गुळगुळीत, मुठीत घ्यावेसे वाटणारे. आठवण म्हणून ते घरी नेणारे पुष्कळ. पण नदीची छिन्नी हीच. खालचा खड्डा याच गोट्यांनी कोरलाय आणि अजून तो पुरा झालेला नाही.

(दृश्य: एक हात गोटा पुन्हा तळाशी ठेवतो. दगडावर दगड टेकल्याचा आवाज. पडदा काळा.)