पंचवीस सेकंदांचा बग

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी प्रोग्रॅमर नाही. लिनक्स या विंडोजसारख्या, पण मुक्त प्रणालीच्या डेस्कटॉपवर मी पत्रं लिहितो, फोटो आवरतो, हिशेब ठेवतो, रात्री सिनेमा बघतो. कोडची एक ओळसुद्धा मी आजवर लिहिलेली नाही. तरी माझ्या नावावर चाळीसेक बग आहेत. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक; हे मी टाकलेले, म्हणजे प्रोग्रॅमवाल्यांना कळवलेले, केलेले नव्हेत! त्यातले पहिले दहा-बारा आज मला स्वतःलाच वाचवत नाहीत.

पहिला तर तोंडपाठ आहे. ‘अपडेटनंतर सेव्ह करणं बिघडलं आहे. बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे. कृपया लवकर दुरुस्त करा.’ बस, एवढाच. कोणतं अपडेट, कुठल्या प्रोग्रॅममधलं सेव्ह, ‘बिघडलं’ म्हणजे नेमकं काय झालं, यातलं काहीही नाही. आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कुठून आला? कुठेतरी वाचलं होतं की लिनक्सवर बिनसलं की बहुतेक ग्राफिक्सच असतं, म्हणून ठोकून दिलं. समोरचा बिचारा सज्जन. त्याने माझा अंदाज खरा धरून कार्डाचं मॉडेल विचारलं, ड्रायव्हरची आवृत्ती विचारली. मी दिली. तीन आठवडे आम्ही दोघं एका निर्दोष कार्डामागे लागलो होतो. मग तो गप्प झाला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, त्या आता परत घेतो.

पंचनामा कसा लिहितात ते आठवा. दार उघडं होतं, कडी शाबूत होती, दिवा चालू होता, घड्याळ अमुक वाजता थांबलेलं होतं. चोर कोण हे पंचनाम्यात लिहीत नाहीत, पंचांना तो अधिकारच नसतो. बग टाकताना आपण पंच असतो, आणि आपली सगळी धडपड मात्र न्यायाधीश व्हायची.

तोच बग मी वर्षभराने पुन्हा टाकला. तोवर वैतागून मी एक साधी गोष्ट केली होती. घड्याळ हातात घेऊन बसलो. सेव्ह दाबलं की खिडकी उघडेपर्यंत किती वेळ जातो? २५ सेकंद. पुन्हा दाबलं, २५. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, २५. मशीन दमलं असतं तर कधी २०, कधी ४० झाले असते ना? हे तर ठरवून थांबल्यासारखं. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बघितलं, तिथेही तेच. तिसरा एक प्रोग्रॅम सेव्हची खिडकी स्वतःचीच आणतो, त्यात चटकन उघडली. मग मशीनवर एक नवं युजर खातं उघडलं आणि त्यात जाऊन तेच केलं, तर तिथेही चटकन. म्हणजे भानगड माझ्या खात्यातल्या सेटिंगमध्ये कुठेतरी होती. ग्राफिक्स कार्ड तर दोन्ही खात्यांना एकच!

हे सगळं मी जसंच्या तसं पाच-सहा ओळींत लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं: २५ सेकंद हा डी-बसचा ठरलेला टाइमआउट आहे, तुमच्या साइडबारमध्ये बंद पडलेल्या सर्व्हरचा एखादा बुकमार्क आहे का?

होता की! जुनी नेटवर्क डिस्क मी केव्हाच काढून टाकली होती, बुकमार्क तेवढा मागे राहिला होता. डी-बस म्हणजे डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप धाडतात ती यंत्रणा. निरोप धाडणाऱ्याने ‘इतकाच वेळ वाट बघ’ असं वेगळं सांगितलं नसेल, तर उत्तराची वाट साधारण २५ सेकंद बघितली जाते आणि मग नाद सोडला जातो. माझी सेव्हची खिडकी दर वेळी त्या मेलेल्या डिस्कची चौकशी करून ताटकळत होती. मला हा आकडा म्हणजे नुसता वैताग होता. ज्याला आतली यंत्रणा ठाऊक त्याला त्यातच पत्ता सापडला. आपल्याला ज्याचा अर्थ लागत नाही, तेही लिहायचं ते यासाठी.

मंगळवारची गोष्ट काही जणांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण ती खरी घडलेली आहे. उबुंटू या लिनक्सच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे बगच्या नोंदवहीत, २००९ मध्ये एकाने लिहिलं, बायकोची तक्रार आहे की ओपनऑफिस मंगळवारी छापत नाही. आणि तिने ते करूनही दाखवलं होतं! आपण असतो तर? ‘मंगळवार’ खोडून ‘कधी कधी’ केलं असतं, लोक हसतील म्हणून. आणि तो बग आजतागायत सापडला नसता.

झालं होतं असं. लिनक्सवर ‘फाइल’ नावाची आज्ञा आहे. एखादी फाइल कुठल्या प्रकारची, हे ती आतली ठराविक जागची अक्षरं बघून ओळखते. अर्लँग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या एका जुन्या प्रकारच्या फाइलींसाठी तिच्या यादीत १९९१ च्या एका मंगळवारची अख्खी तारीख खूण म्हणून दिलेली होती. पण तारखेतल्या मोकळ्या जागा नीट बांधून लिहिल्या नव्हत्या, म्हणून पहिल्या जागेपाशीच खूण संपली आणि उरलं काय, तर मंगळवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं. ओपनऑफिसने छपाईला धाडलेल्या फाइलीच्या डोक्यावर त्या दिवसाची तारीख असायची. मंगळवार आला की नेमक्या जागी ती तीन अक्षरं यायची, ‘फाइल’ म्हणायची ही अर्लँगची, आणि छपाईच्या साखळीत पुढे कागद हलायचा नाही. बुधवारी सगळं सुरळीत. दोष ओपनऑफिसचा नव्हता आणि प्रिंटरचाही नव्हता. पण ‘मंगळवार’ हा शब्द कोणीतरी न लाजता लिहिला, म्हणून धागा हाती लागला.

आता बग टाकायचा कुठे? नव्या माणसाचा गोंधळ इथेच उडतो. तुमच्या मशीनवरचा प्रोग्रॅम दोन हातांतून आलेला असतो. एक मूळ लिहिणारा, ज्याला अपस्ट्रीम म्हणतात. दुसरी तुमची डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारखं तयार लिनक्स, जी त्याचं पॅकेज बांधते, कधी त्यात स्वतःचे बदल घालते आणि कधी एकच आवृत्ती वर्षानुवर्षं वाटत राहते. डेबियन स्टेबलमध्ये तर ते धोरणच आहे. आवृत्ती गोठवायची आणि सुरक्षेच्या किंवा फार गंभीर चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या. याचा त्रास मूळ लिहिणाऱ्याला कसा होतो बघा. एक्सस्क्रीनसेव्हर या पडदा झाकणाऱ्या प्रोग्रॅमचे कर्ते जेमी झाविन्स्की यांच्याकडे केव्हाच दुरुस्त झालेल्या बगच्या तक्रारी येत राहायच्या. त्यांनी प्रोग्रॅममध्येच ‘ही आवृत्ती फार जुनी झाली’ असा इशारा घालून ठेवला, आणि २०१६ मध्ये डेबियनवाल्यांशी त्यावरून चांगलीच वादावादी झाली. चूक कोणाची यात मी पडत नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणजे बहुधा मला नीट कळलेलं नसावं.

आपल्यापुरतं सोपं आहे. तोच प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डिस्ट्रोच्या पॅकेजला वळसा घालून, ताजा उतरवून बघा, किंवा नव्या डिस्ट्रोच्या लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता चालते ती) मशीन चालू करून बघा. तिथे बग नसेल तर अपस्ट्रीमकडे जाऊन उपयोग नाही, त्यांच्या लेखी तो मिटलेला आहे. डिस्ट्रोकडे जा. ताज्या आवृत्तीतही असेल तर बेलाशक अपस्ट्रीमला टाका. फक्त त्याआधी त्यांच्या यादीत शोधा. आधीच कोणी टाकलेला असेल तर त्याच्याखाली नवीन माहिती जोडा. नुसतं ‘मलाही होतंय’ लिहू नका, त्या एका ओळीची मेल पन्नास जणांना जाते.

‘कालपर्यंत चालत होतं’ हे वाक्य मात्र सोन्यासारखं आहे, पण ते सिद्ध करून द्या. काल काय बदललं हे मशीन लिहून ठेवतं. डेबियन-उबुंटूत पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीचा इतिहास लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत असतो, फेडोरातल्या डीएनएफला तर ‘हिस्टरी’ म्हटलं की तो यादीच देतो. कर्नलबद्दल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबद्दल, शंका असेल तर मशीन चालू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत आधीचा कर्नल बहुधा शिल्लक असतो, तो निवडून बघा. जुन्यावर चालतंय आणि नव्यावर नाही, एवढं दोन आवृत्त्यांच्या आकड्यांसह लिहिलंत की तुमच्या बगचं वजन एकदम वाढतं. कारण जे चालत होतं ते मोडायचं नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा कर्नलपुरता पहिला नियम आहे. पुढची पायरी म्हणजे मधले बदल अर्धे-अर्धे करत तपासणं, त्याला बायसेक्ट म्हणतात. हजार बदल असले तरी दहाएक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. ते आपल्याला जमलंच पाहिजे असं नाही. मी एकदाच केलंय आणि अख्खा रविवार गेला.

लॉगबद्दल. मशीन गोठलं, बटण दाबून बंद करावं लागलं, आता चालू झालं. तर टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल, त्यापुढे वजा बी, त्यापुढे वजा एक. म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाचा लॉग. शेवटची पानं बघा आणि गोठलं ती वेळ लिहा. वेळ महत्त्वाची. दहा हजार ओळी चिकटवून ‘बघा काय ते’ म्हणणं म्हणजे धुण्याचं अख्खं बोचकं समोर टाकून त्यातलं तुटकं बटण शोधायला लावणं. लाल अक्षरांतल्या प्रत्येक ओळीला घाबरूही नका, धडधाकट मशीनच्या लॉगमध्येही त्या असतात.

आणि धाडण्याआधी वाचा. लॉगमध्ये तुमचं युजरनेम, वायफायचं नाव, फाइलींची नावं असतात. हार्डवेअरची माहिती इनक्सी या आज्ञेने काढलीत तर तिला ‘झेड’ जोडा, ती नेटवर्कचे पत्ते, सीरियल नंबर असलं झाकून देते. क्रॅशनंतरचा कोर डंप तर उघड्यावर कधीच टाकू नका, प्रोग्रॅमच्या स्मृतीत त्या क्षणी जे होतं ते त्यात असू शकतं, पासवर्डसुद्धा. सुरक्षेचं भोक सापडलं असेल तर तेही चारचौघांत नाही, प्रकल्पाचा खासगी पत्ता असतो तिथे.

बग टाकला, पुढे? बहुतेकदा शांतता. मग कधीतरी ‘नीडइन्फो’ असा शिक्का पडतो, म्हणजे त्यांना तुमच्याकडून माहिती हवी आहे. केडीई या डेस्कटॉपच्या ट्रॅकरवर त्याला महिनाभर उत्तर दिलं नाही की बग आपोआप बंद होतो. फेडोरात आवृत्तीचं आयुष्य साधारण तेरा महिने, ते संपलं की तिच्यावरचे उघडे बगही बंद. हा अपमान समजू नका, झाडलोट आहे. नव्या आवृत्तीवर बघून पुन्हा उघडा. ‘डुप्लिकेट’ म्हटलं तर उलट बरं, आपल्यासारखाच आणखी एक आहे.

मघाशी तुमच्यातल्या कोणाची तरी चिठ्ठी आली आहे, ‘इंग्रजी कच्चं आहे, टाकू का?’ टाका. वाचणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची मातृभाषाही इंग्रजी नसते. छोटी वाक्यं लिहा: मी हे केलं, हे व्हायला हवं होतं, हे झालं. मशीनचे संदेश तुम्ही मराठीत बघत असाल तर आज्ञेआधी एलसी अंडरस्कोअर ऑल, बरोबरचं चिन्ह, सी (LC_ALL=C) एवढं लिहा, तेवढ्यापुरते ते इंग्रजीत येतात आणि शोधताही येतात.

देवनागरीचे बग मात्र आपण नाही टाकले तर कोण टाकणार? ‘दुसऱ्या’ लिहिलं आणि पडद्यावर ‘दुसर्या’ दिसलं, तर ज्याला लिपी येत नाही त्याला दोन्ही सारखीच. तिथे ‘मराठी नीट दिसत नाही’ म्हणून चालत नाही. तो शब्द मजकूर म्हणून द्या, फक्त चित्र नको. चुकीचं दिसतं त्याचा स्क्रीनशॉट, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बरोबर दिसतं त्याचा स्क्रीनशॉट, फाँटचं नाव, आणि फरक कुठे ते बाण काढून. मी एकदा एवढं दिलं, तर समोरच्याने विचारलं, ही भुवईसारखी रेघ म्हणजे काय? मग त्याला दोन परिच्छेद लिहिले. माझा आवडता पत्रव्यवहार आहे तो.

त्या २५ सेकंदांचं सांगायचं राहिलं. बुकमार्क काढल्यावर माझी अडचण मिटली होती, पण बग होताच. मेलेल्या सर्व्हरसाठी खिडकीने थांबायचं कशाला? सात महिन्यांनी दुरुस्ती आली आणि त्या माणसाने विचारलं, तपासून सांगाल का? मी तो मेलेला बुकमार्क मुद्दाम परत घातला, घड्याळ घेतलं, सेव्ह दाबलं. सेकंदकाटा हलायच्या आत खिडकी उघडली. मी खाली लिहिलं, ‘२५ चे ० झाले. आभार.’ त्याने बग बंद केला.

बुकमार्क मी अजून काढलेला नाही. दर मोठ्या अपडेटनंतर एकदा सेव्ह दाबून बघतो.