गांबा ओसाका २०१४: एक वर्ष, तीन ट्रॉफ्या आणि दोन कपांचा घोळ

नमस्कार मंडळी!

जपानची फुटबॉल लीग, म्हणजे जे-लीग, २०२६ पासून वेळापत्रक बदलणार, ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी मे-जूनच्या सुमारास संपणार, ही बातमी आल्यापासून तुमचे प्रश्न थांबत नाहीयेत. आत्तापर्यंत कसं होतं? एकाच वर्षात लीग आणि कप कसे बसायचे? नुसते नियम सांगून हे डोक्यात राहत नाही, म्हणून आज एका टीमचं एक अख्खं वर्ष घेऊन बसलोय. टीम गांबा ओसाका, वर्ष २०१४. माझ्या मते जपानी क्लब फुटबॉलमधलं सगळ्यात देखणं वर्ष.

लीगचं झटपट सांगतो, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे जे-वनमध्ये, तेव्हा १८ टीम्स. प्रत्येकीशी घरी एक, बाहेर एक, अशा ३४ मॅचेस. जिंकलं तर ३ पॉइंट, बरोबरी १. मार्चमध्ये सुरू, डिसेंबरमध्ये खलास. झालं.

आता खरं दुखणं. मागच्या व्हिडिओखाली किमान वीस जणांनी लिहिलंय, "गांबाने जपानचा कप जिंकला." कुठला कप? जपानमध्ये कप दोन आहेत. एक लीग कप, त्या काळात स्पॉन्सरच्या नावाने नाबिस्को कप म्हणायचे, २०१६ पासून लेवेन कप. दुसरा सम्राट चषक, एम्परर्स कप. हे दोन वेगळे आहेत, आणि हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आमच्या कोल्हापुरात हे कुणाला समजवावं लागत नाही. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग वेगळी, आणि लीग उरकल्यावर शाहू स्टेडियमवर होणारे चषक वेगळे. लहानपणी काकांच्या शेजारी बसून मॅच बघताना मी एकदा विचारलं होतं, "काका, आता परत तेच खेळणार?" काका म्हणाले, "तेच न्हाई बाळा. लीगमधी हरलं तर पुढच्या मॅचला भरून काढता येतंय. हितं हरलं की घरी."

तर पहिला फरक: खेळतं कोण? लीग कपात २०१४ साली फक्त जे-वनच्या टीम्स. म्हणजे लीगमधलेच प्रतिस्पर्धी, आधी गट, मग बाद फेऱ्या. सम्राट चषकाचं दार मात्र सगळ्यांना उघडं. ही स्पर्धा १९२१ सालची, म्हणजे जे-लीगपेक्षा सत्तर वर्षांहून जुनी. जपानच्या ४७ प्रांतांतून प्रत्येकी एक प्रतिनिधी येतो, त्यात कॉलेजची पोरंसुद्धा असतात. इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबमुळे गाजलेला जपानी खेळाडू मितोमा तुम्हाला माहीत आहे. तो २०१७ मध्ये त्सुकुबा विद्यापीठाकडून याच चषकात खेळत होता, आणि त्या पोरांनी वेगाल्ता सेंदाई ही जे-वनची टीम ३-२ ने बाहेर काढली. लीग कपात असं घडूच शकत नव्हतं, कारण विद्यापीठाला तिथे प्रवेशच नाही.

आता गांबाकडे येऊ. ओसाकाला लागून सुइता नावाचं शहर आहे, तिथली ही टीम. मूळ मात्सुशिताची, म्हणजे पॅनासोनिकवाल्यांची. गांबा म्हणजे इटालियनमध्ये पाय, आणि जपानीत "गांबारु" म्हणजे नेटाने झुंजत राहणं. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

एका दर्शकाने लिहिलंय, "सेकंड डिव्हिजनमधून आलेली गरीब टीम चॅम्पियन झाली, काय कहाणी!" भाऊ, कहाणी आहेच, पण गरीब म्हणू नका. ही टीम २००८ ची आशियाई विजेती. हिच्याकडे यासुहितो एन्दो होता, जपानच्या राष्ट्रीय टीमचा मिडफिल्डमधला मेंदू. ती खाली कशी गेली ते ऐका. २०१२ मध्ये गांबाने ६७ गोल केले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण खाल्ले ६५. गोलफरक अधिक २, आणि नंबर सतरावा! सगळ्यात जास्त गोल करणारी टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. मग केंता हासेगावा कोच म्हणून आले, २०१३ मध्ये जे-टू, म्हणजे दुसरी डिव्हिजन, जिंकून टीम वर आणली, आणि मागची बाजू बांधायला घेतली. आणखी एक दुरुस्ती. वर येताच लीग जिंकणारी ही पहिली टीम नव्हे, काशिवा रेसोलने ते २०११ मध्ये केलं होतं. वर येताच तिन्ही ट्रॉफ्या घेणारी मात्र गांबाच पहिली. आणि एका वर्षात तिन्ही घेणारी एकूण दुसरी, आधी काशिमा अँटलर्स, २००० साली.

२०१४ ची सुरुवात वाईट झाली. ताकाशी उसामी, जर्मनीतल्या बायर्न आणि हॉफेनहाइम क्लबांकडून परत आलेला घरचा पोरगा, दुखापतीमुळे सुरुवातीला बाहेर. ब्राझीलच्या वर्ल्ड कपसाठी लीग थांबली तेव्हा गांबा सोळावी, म्हणजे पुन्हा खाली जाण्याच्या जागेवर. पहिल्या नंबरवरच्या उरावा रेड्सपेक्षा १४ पॉइंट मागे. त्या सुट्टीत ब्राझीलचा धिप्पाड स्ट्रायकर पॅट्रिक आला, बऱ्या झालेल्या उसामीशी त्याची जोडी जमली, आणि या जोडीने पुढच्या महिन्यांत लीगचा रंग पालटला.

८ नोव्हेंबर, सैतामा स्टेडियम, नाबिस्को कपची फायनल. म्हणजे लीग कप, लक्षात ठेवा. समोर सानफ्रेचे हिरोशिमा. त्यांच्या हिसातो सातोने पहिल्या ३५ मिनिटांत दोन गोल ठोकले. तीनच मिनिटांनी पॅट्रिकचा हेडर, २-१. हाफटाइमनंतर पुन्हा पॅट्रिक, पुन्हा हेडर, २-२. मग तरुण ओमोरीने तिसरा घातला. ३-२, पहिली ट्रॉफी घरी.

इथे दुसरा फरक: जिंकून मिळतं काय? कुणीतरी विचारलंय, "कप जिंकला म्हणजे आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट ना?" नाही! लीग कप जिंकल्यावर आशियाचं तिकीट मिळत नव्हतं. ते तिकीट सम्राट चषकाला होतं. लीगमधून पहिल्या तीन टीम्स आणि चौथी सम्राट चषकाची विजेती, असा त्या वर्षीचा हिशेब. लीग कपाच्या विजेत्याला पुढच्या वर्षी सुरुगा बँक चँपियनशिप नावाची एकच मॅच मिळायची, दक्षिण अमेरिकेतल्या कोपा सुदामेरिकानाच्या विजेत्याशी. एक कप आशियात न्यायचा, दुसरा एका मॅचपुरतं दक्षिण अमेरिकेशी गाठ घालून द्यायचा. "जपानचा कप" असं मोघम लिहिलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून मी इतकं लावून धरलंय.

तिसरा फरक तारखांचा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. कागद-पेन घ्या. २२ नोव्हेंबर, शनिवार: लीग, उरावाच्या घरी, उरावा जिंकली तर त्याच दिवशी चॅम्पियन. २६ नोव्हेंबर, बुधवार: सम्राट चषकाची सेमीफायनल, शिमिझु एस-पल्सशी. २९ नोव्हेंबर, शनिवार: परत लीग, विसेल कोबे. आठ दिवसांत तीन मॅचेस, त्यातली मधली हरलात तर स्पर्धेतून बाद. लीग कपाची फायनल तोवर आटोपलेली, पण सम्राट चषक लीगच्या शेवटच्या धामधुमीत घुसलेला. दोन्ही कप एकच समजलात तर या माणसांनी त्या आठ दिवसांत काय ओढलं ते कळणारच नाही.

आणि निकाल? उरावाच्या घरी ८८ व्या मिनिटापर्यंत ०-०. उरावाचे खेळाडू गोलसाठी पुढे सरकलेले, गांबाने बॉल हिसकावला, प्रतिहल्ला, बदली आलेल्या अकिहिरो सातोचा गोल. नव्वद मिनिटांनंतरच्या जादा वेळेत कुराताचा दुसरा. २-०. उरावाचा जल्लोष तिथेच थिजला. बुधवारी शिमिझुला ५-२. शनिवारी कोबेला ३-१, आणि त्याच दिवशी उरावाने सागान तोसुविरुद्ध जादा वेळेत गोल खाऊन १-१ बरोबरी केली. दोघांचेही ६२ पॉइंट, गोलफरकावर गांबा वर.

६ डिसेंबर, शेवटचा दिवस. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे शनिवारची दुपार. मी तेव्हा नेरूळला राहायचो. इंडियन सुपर लीगचं पहिलंच वर्ष, घरात सगळी चर्चा त्याचीच, दोन आठवड्यांनी फायनल आमच्या शेजारी डी. वाय. पाटीलवर होती. मी मात्र जेवणाचं ताट बाजूला ठेवून लॅपटॉपवर दोन स्कोअर उघडून बसलेलो. एकीकडे शिकोकू बेटावरचं तोकुशिमा, गांबाची मॅच. दुसरीकडे सैतामा, उरावा विरुद्ध नागोया.

तोकुशिमा वोर्टिस तळाची टीम, वर्षभरात फक्त ३ विजय. सगळ्यांना वाटलं, गांबा चार-पाच गोल घालणार. ०-०. हाफटाइम, ०-०. दर मिनिटाला पान रिफ्रेश, तरी ०-०. तिकडे उरावाने दुसऱ्याच मिनिटाला गोल केलेला, म्हणजे आकडे तसेच राहिले तर चॅम्पियन उरावा. आईने दोनदा आत डोकावून विचारलं, "भात गार झाला, जेवतोयस ना?" मग नागोयाची बरोबरी. आणि अगदी शेवटी नागोयाच्या नागाईचा गोल, २-१. तोकुशिमात शिट्टी झाली तेव्हा गांबाने एकही गोल केला नव्हता, आणि गांबा चॅम्पियन होती. ६३ विरुद्ध ६२.

यावर काही जण म्हणतात, नशीब. मला हे पटत नाही. १४ पॉइंटची दरी नशिबाने बुजत नाही. त्या दिवशी गोल झाला नाही, पण खाल्लाही नाही. २०१२ मध्ये ६५ गोल खाल्लेली हीच टीम!

मग सम्राट चषकाची फायनल. त्या काळात एरवी ती १ जानेवारीला असायची. जपानमध्ये नववर्षाच्या दिवशी ही फायनल हा सणाचाच भाग असायचा. पण २०१५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात आशियाई कप होता, म्हणून १३ डिसेंबरला उरकली, योकोहामात. समोर माँतेदिओ यामागाता, दुसऱ्या डिव्हिजनची टीम. त्यांचं वेळापत्रक तर आणखी भयानक. २६ नोव्हेंबरला चषकाची सेमीफायनल, ३० ला वर जाण्यासाठीचा प्लेऑफ, ७ डिसेंबरला प्लेऑफची फायनल. त्या ३० तारखेच्या मॅचमध्ये जुबिलो इवाताशी १-१, बरोबरी झाली तर इवाता पुढे जाणार. जादा वेळ, कॉर्नर, यामागाताचा गोलकीपर यामागिशी अख्खं मैदान पार करून समोरच्या गोलपाशी आला आणि त्याने हेडर मारला. गोल! गोलकीपरचा! अशी टीम फायनलला समोर होती, म्हणून गांबाच्या त्या ३-१ विजयाला हलकं लेखू नका. उसामीचे दोन, पॅट्रिकचा एक. तिसरी ट्रॉफी.

आता "दोन्हीकडे गांबाच जिंकली, मग आशियाचं चौथं तिकीट कुणाला?" हा प्रश्न तिघांनी विचारलाय, आणि तो फार चांगला आहे. ते लीगमधल्या चौथ्या टीमकडे गेलं, म्हणजे काशिवाकडे. यामागाता ती फायनल जिंकली असती, तर काशिवा घरी बसली असती. म्हणजे १३ डिसेंबरला योकोहामात काशिवाचेही प्राण कंठाशी आलेले असणार.

आणि लीग कपाचं बक्षीस? ती एक मॅच ऑगस्ट २०१५ मध्ये ओसाकात झाली, समोर अर्जेंटिनाची रिव्हर प्लेट. गांबा ०-३ ने हरली. त्या मॅचबद्दल मला पुष्कळ बोलायचंय, पुढच्या शनिवारी तीच घेऊया.