आरागॉनला तुटलेली तार

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका तारेची गोष्ट सांगायची आहे. स्पेनमधल्या आरागॉनच्या ट्रॅकवर तुटलेली एक बारीक तार. मोटरसायकलच्या शर्यतीत इलेक्ट्रॉनिक मदत असावी की नसावी, हा वाद निघाला की मला ती तारच आठवते.

आधी ही मदत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून गाडी नेली असेल, तर मागचं चाक कसं सरकतं हे तुम्हाला सांगायला नको. शर्यतीच्या गाडीला पुढच्या चाकाला एक सेन्सर असतो, मागच्या चाकाला एक. कोणतं चाक किती वेगानं फिरतंय, हे ते कॉम्प्युटरला कळवत राहतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा फार जोरात फिरू लागलं, की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करतो. याला म्हणतात ट्रॅक्शन कंट्रोल. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. दोन चाकं, दोघांचा वेग, त्यातला फरक. फरक वाढला की ताकद कमी.

आता गोष्ट. २९ सप्टेंबर २०१३, रविवार. मोटोजीपीची शर्यत, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या जगज्जेतेपदाचा सगळ्यात वरचा गट. होंडाच्या गाडीवर दानी पेद्रोसा. त्या दिवशी त्याचा २८वा वाढदिवस होता. माणूस अंगानं अगदी लहानखुरा, उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन पन्नास किलोच्या घरात. आणि खाली गाडी १६० किलोची. लहान इंजिनांच्या छोट्या गटांत तीन वेळा जगज्जेता झालेला हा मुलगा मोठ्या गटात, म्हणजे मोटोजीपीत, मात्र तीनदा दुसरा आला होता. २००७, २०१०, २०१२. मला हा रायडर फार आवडतो, हे लपवत नाही. एवढ्याशा देहानं तेवढं जनावर वळणातून काढताना तो ज्या हळुवारपणे रेस द्यायचा, ते पाहत राहावं असं होतं.

त्या दिवशी पुढे यामाहावर होर्हे लोरेन्झो होता, मागोमाग पेद्रोसा, आणि पेद्रोसाच्या मागे त्याच्याच होंडा संघातला वीस वर्षांचा मार्क मार्केझ. मोठ्या गटातलं मार्केझचं ते पहिलंच वर्ष.

सहावी फेरी. बारावं वळण. मार्केझनं ब्रेक उशिरा मारला. पुढे पेद्रोसा अगदी जवळ आला, म्हणून यानं वळणात झुकवलेली गाडी सरळ केली आणि बाहेरच्या बाजूला निघून गेला. जाता जाता त्याची गाडी पेद्रोसाच्या गाडीला मागून घासली. निसटता स्पर्श. कुणी पडलं नाही, कुणी हेलकावलंही नाही. पेद्रोसा आपल्या रेषेवर होता. वळण संपत आलं, आणि त्यानं दर फेरीला देतो तशी रेस दिली.

पुढच्या क्षणी तो हवेत होता.

झालं काय होतं? त्या घासण्यात मागच्या चाकाच्या सेन्सरची तार तुटली होती. कॉम्प्युटरला मागच्या चाकाचा वेगच कळेना. दोन चाकांतला फरक काढायचा कसा? फरक नाही, तर ताकद कमी करणार कशी? सगळी ताकद एकदम मागच्या चाकावर आली, चाक सरकलं, सरकता सरकता त्यानं पुन्हा पकड घेतली आणि गाडीनं स्वाराला वर फेकून दिलं. रेसिंगवाले याला हायसाइड म्हणतात. पेद्रोसा आपटला, कमरेला मार बसला, शर्यत संपली. मार्केझ ती शर्यत जिंकला. नंतर चौकशी झाली. मार्केझला एक पेनल्टी पॉइंट मिळाला आणि कंपन्यांच्या तक्त्यातून होंडाचे त्या शर्यतीचे २५ गुण कापले गेले. तार इतकी उघड्यावर ठेवली, म्हणून. हा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. विरोधातले म्हणतात, बघा, हात यंत्राच्या भरवशावर गेले. बाजूचे म्हणतात, बघा, यंत्र नसलं तर काय होतं. मी बाजूचा आहे. कारण यंत्र नव्हतं तो काळ कसा होता, तेही ठाऊक आहे. ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. १९९२ साली नेदरलँड्समधल्या असेनला ऑस्ट्रेलियाचा रायडर मिक डूहान पडला आणि त्याचा पाय कापावा लागतो की काय अशी पाळी आली. १९९३ साली इटलीतल्या मिसानोला अमेरिकेचा वेन रेनी पडला. तीन वेळचा जगज्जेता, त्यानंतर चाकाच्या खुर्चीत. टू-स्ट्रोकचा आवाज आणि तेलाचा वास मलाही प्रिय आहे. गल्लीतून आरएक्स १०० गेली की मी अजून खिडकीशी जातो. पण त्या वासासाठी कुणाचा कणा मोडावा, असं मला वाटत नाही.

माझी अट एकच. मदत सगळ्यांना सारखी हवी. २०१६पासून मोटोजीपीत सगळ्या संघांना एकच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा कॉम्प्युटर हुशार, हे बंद झालं. त्याच वर्षी नऊ वेगवेगळे रायडर शर्यती जिंकले. टायरही त्या वर्षी बदलले होते आणि पाऊसही पुष्कळ झाला, तरी सारख्या सॉफ्टवेअरचा वाटा मी मोठा मानतो. वळणातून निघताना गाडीची मागची बाजू खाली बसवणारी जी यंत्रणा आहे, ती इलेक्ट्रॉनिक नाही, पण २०२७पासून तीही बंद होणार आहे. चांगलं होईल. तिनं जीव वाचत नाही, नुसता वेग वाढतो.

एक मात्र घराघरांत सांगा. मोटोजीपीत एबीएसला, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नाही, हे ऐकून आमची तरुण मुलं म्हणतात, मग आम्हाला कशाला? अरे बाळांनो, त्या ट्रॅकवर समोरून ट्रॅक्टर येत नाही, मध्ये कुत्रं येत नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आपल्याकडे २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, ते योग्यच आहे. आणि हेल्मेटचा पट्टा लावत जा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट पाहिलं की माझा जीव तुटतो.

हां, पेद्रोसाचं राहिलं. पुढची शर्यत मलेशियात, सेपांगला. १३ ऑक्टोबर, म्हणजे पडल्यानंतर दोनच आठवडे. कमरेला मार बसलेला. त्याच होंडावर तो बसला, मार्केझला मागे टाकलं आणि ती शर्यत जिंकला.

नमस्कार.