पोळपाटाची किंमत

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय असा आहे की लाकूडकामाचा छंद स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकतो का. भागवू शकतो. गेली सात वर्षं माझा भागवतो आहे. पण त्याआधीचं एक वर्ष मी जे केलं ते चुकीचं होतं. नुकसान माझं झालंच, पण ते फक्त माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी ३१ वर्षं बँकेत हिशेब खात्यात होते. लाकूड हातात आलं ते वयाच्या ४६व्या वर्षी. आमच्या कोथरूडच्या घरात स्वयंपाकघराचं काम काढलं होतं आणि मिस्त्री दिवसभर गॅलरीत रंधा मारत बसायचे. सागाची ती पातळ, गुंडाळलेली ढलपी रंध्याच्या तोंडातून बाहेर येते ना, तिचा वास मला अजून आठवतो. मी त्यांना म्हटलं, मला एकदा मारून बघू द्या. त्यांनी आधी मला रंध्याचं पातं दगडावर लावायला बसवलं. तीन संध्याकाळी नुसती धार. मग फळी दिली. ते मिस्त्री माझे गुरू.

छंद जडला की खर्च मागे येतोच. चांगल्या पोलादाच्या पटाश्या, रंधे, क्लॅम्प, धूळ ओढणारं यंत्र. आणि लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा घनफुटाचा भाव ऐकून रिकाम्या हाती परत आले होते. तेव्हा घरात ठरलं की दोन-चार वस्तू विकायच्या आणि त्या पैशातून पुढचं लाकूड आणायचं.

पहिल्या दिवाळीला सोसायटीच्या आवारात टेबल मांडलं. सागाचे १४ पोळपाट केले होते, १० इंच व्यासाचे. किंमत ठेवली ५०० रुपये. का ५००? समोरच्या दुकानात मशीनवर केलेला पोळपाट साडेचारशेला होता, म्हणून. दुपारपर्यंत सगळे संपले. बायका हात फिरवून म्हणत होत्या, किती गुळगुळीत! मी हवेत होते.

संध्याकाळी मिस्त्री सहज आले. एक पोळपाट कुणी तरी घेऊन जायचा राहिला होता, तो त्यांनी उलटा करून पाहिला. भाव विचारला आणि गप्प झाले. निघताना एवढंच म्हणाले, "ताई, मला हा पाचशेला परवडत नाही. उद्या एखादं गिऱ्हाईक मला म्हणालं, त्या ताई पाचशेला देतात, तर मी काय सांगू?"

त्या रात्री मी वही काढली. जे काम ३१ वर्षं दुसऱ्यांसाठी केलं ते स्वतःच्या पोळपाटासाठी केलं नव्हतं. तो हिशेब तुम्हालाही मांडून दाखवते.

लाकूड घनफुटात मोजतात. फळीची लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. एका पोळपाटाला दीड फूट लांब, ११ इंच रुंद, सव्वा इंच जाड फळी जाते. तुम्ही म्हणाल, पोळपाट तर १० इंचाचा. खरं आहे, पण गोल कापताना चारही कोपरे जातात, टोकाला चीर असते ती जाते, आणि खालचे पाय त्यातच काढायचे असतात. वखारवाला पैसे पूर्ण फळीचे घेतो. दीड गुणिले ११ गुणिले सव्वा, भागिले १४४, म्हणजे ०.१४३ घनफूट. मला त्या खेपेला भाव पडला होता ४,००० रुपये. म्हणजे लाकूडच झालं ५७० रुपयांचं. पॉलिशपेपर, फेव्हिकॉल, तेल मिळून ६० रुपये. पात्यांची झीज आणि यंत्रांचा घसारा मी ५० धरते. झाले ६८०. आणि मी ते ५०० ला विकत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला पदरचे १८० रुपये, १४ जणांना मिळून २,५२०. यात माझ्या वेळेचा एक पैसाही नाही.

वेळेचा पैसा धरायचा की नाही, यावर छंद करणाऱ्यांत नेहमी वाद होतो. बरेच जण म्हणतात, मला त्यात आनंद मिळतो, मग मजुरी कशाला? माझं मत या बाबतीत ठाम आहे. मजुरी धरायचीच, आणि ती सुताराच्या दरानं धरायची. माझा आनंद हा माझा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाच्या हातात जो पोळपाट जातो त्यात दोन तासांचं काम आहे, आणि बाजारात त्या दोन तासांना किंमत आहे. ती मी शून्य केली, तर ज्याची चूल त्या दोन तासांवर पेटते त्याचीही मी शून्य करते. मला निवृत्तिवेतन आहे, मिस्त्रींना नाही. माझ्या हौसेचा भाव त्यांच्या पोटावर येत असेल तर ती हौस मला नको.

तेव्हा हिशेब पुढे नेऊ. मिस्त्रींची रोजी त्या वेळी १,२०० होती. आठ तासांनी भागलं की तासाला १५०. दोन तासांचे ३००. पुठ्ठ्याचं खोकं ४० रुपयांचं. बेरीज १,०२०. सहांतला एखादा पोळपाट गाठ निघाल्यामुळे किंवा काठ उडाल्यामुळे बाद होतो, त्याचे धरून मी किंमत ठेवली १,२००. दुसऱ्या वर्षी टेबलावर हा भाव लिहिला तेव्हा माझे हात थरथरत होते, खरंच सांगते. १४ ऐवजी ९ गेले. पण त्या नवांनी मला जे दिलं ते पहिल्या चौदांनी दिलं नव्हतं. मजुरीचे ३००, घसाऱ्याचे ५० आणि वरचे १८०, म्हणजे प्रत्येकी ५३० रुपये छंदाच्या खात्यात पडले; बाद झालेल्यांचं लाकूडही त्यातूनच भागतं. हे खातं वेगळं ठेवा. घरखर्चात मिसळलं की काही कळत नाही. माझं पासबुकच वेगळं आहे. आता मी वर्षाला २४ पोळपाट करते, त्याचे १२,७२० रुपये होतात, आणि वर्षभर जे मनात येईल ते करायचं लाकूड त्यात येतं.

दोन तास म्हणाले ते लगेच जमले असं नाही. एकटा पोळपाट करायला बसलात तर सहा तास जातात. सहा एकदम केले तर बारा तासांत होतात. सगळ्या फळ्या एकदम रंधायच्या, प्लायचा फर्मा, म्हणजे आखायचा नमुना, एकदाच नीट करून घ्यायचा, त्यावरून सगळे आखायचे, एकदम कापायचे. विकायची वस्तू अशी निवडा की जिचा फर्मा होऊ शकेल. पोळपाट, पाट, लहान ट्रे, पुस्तकं ठेवायचं स्टँड. मोबाईलवर फोटो दाखवून "अगदी असंच करून द्या" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. त्या कामात फर्मा नसतो, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे जे असतं ते फोटोतच राहतं.

नातेवाइकांचं काय? एकच नियम. भाचीच्या लग्नात द्यायचा असेल तर पूर्ण भेट. विकायचा असेल तर पूर्ण किंमत. अर्ध्या किमतीत दिलेली वस्तू धड भेट नसते आणि धड विक्रीही नसते, आणि मनात दोघांच्याही काही तरी राहतं.

आता लाकडाबद्दल थोडं बोलते, कारण विकलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात राहते आणि आपण तिथे नसतो. मी एका ऑगस्टमध्ये गौरी-गणपतीसाठी चौरंग केला होता. वरची फळी फूटभर रुंद, कडेनं चौकट, आणि फळी चौकटीला सगळीकडून फेव्हिकॉल लावून पक्की बसवली. त्या बाई खूश होऊन घेऊन गेल्या. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, मधोमध तडा गेलाय. चूक माझीच होती. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्यानं फुगतं आणि आक्रसतं. माझ्या मीटरवर तोच साग ऑगस्टमध्ये १५ टक्के ओलावा दाखवतो आणि एप्रिलमध्ये ८. एवढ्या फरकानं फूटभर फळी दोन-तीन मिलिमीटर आक्रसते. तिला आक्रसायला जागा दिली नाही तर ती स्वतःच फाटते. मी चौरंग परत आणला, पैसे परत दिले आणि नवा करून दिला. नव्याला स्क्रूची भोकं लांबट ठेवली, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. पोळपाटाचंही तेच. खाली नसेला, म्हणजे लाकडाच्या रेषांना, आडव्या पट्ट्या चिकटवल्या की कधी तरी तडा ठरलेला. मी तीन लहान गोल पाय लावते. तीन पायांचा आणखी एक फायदा आहे, ओटा वाकडातिकडा असला तरी पोळपाट डुगडुगत नाही.

पोळपाटाला वॉर्निश किंवा मेलामाईनचं पॉलिश लावू नका, त्यावर कणीक लाटायची आहे. शेंगदाण्याचं तेलही नको, ते वाळत नाही आणि काही दिवसांनी खवट होतं. मी कच्चं जवसाचं तेल लावते, म्हणजे अळशीचं. अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून घ्यायचं, आणि मग थांबायचं. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला आठवडे लागतात. म्हणून दिवाळीचा माल माझा सप्टेंबरअखेर तयार असतो. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती साठते, आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा, नाही तर पाण्यात बुडवून मग टाका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

लहान मुलांची खेळणी करता का, असं सगळ्यात जास्त विचारलं जातं. विकत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण मी तशी नोंदलेली कारागीर नाही. मला हा नियम रास्त वाटतो. सुटलेलं चाक बाळाच्या घशात जाऊ शकतं, रंगात काय आहे ते मी तपासलेलं नाही. नातवाला बैलगाडी करून दिली, ती घरात आहे. बाकीच्यांना मी सांगते, सावंतवाडीला गेलात की चितारआळीत जा आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आलंय त्यांच्याकडून घ्या.

कराचं थोडक्यात. आपल्या राज्यात वस्तूंच्या विक्रीला जीएसटीची नोंदणी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, आपण तिच्या जवळपासही नाही. पण परराज्यात किंवा ऑनलाइन पोर्टलवर विकायचं म्हटलं की नियम बदलतात, तेव्हा आधी सल्ला घ्या. आणि नफा होईल तो आयकराच्या विवरणात दाखवा.

शेवटी, जे मला सगळ्यात महाग पडलं ते. चौथ्या वर्षी एका ओळखीच्यांनी हळदीकुंकवासाठी ४० पोळपाट मागितले. हो म्हणाले. ४८,००० रुपये! सलग अडीच महिने मी फक्त गोल कापले. मनगट सुजलं. काम पोचतं केलं, पैसे आले, आणि पुढचे दोन महिने मी गॅलरीचं दारही उघडलं नाही. लाकडाचा वास नको वाटत होता. जो वास मला इथवर घेऊन आला, तोच. तेव्हापासून महिन्यातला एकच शनिवार-रविवार विक्रीचा, आणि वर्षाला २४ च्या वर नाही. मोठी मागणी आली की मी मिस्त्रींचा नंबर देते. मागच्या वर्षी त्यांनी एका हॉटेलला ६० पाट करून दिले, माझ्याच फर्म्यावरून. ते मला साइटवर उरलेले सागाचे कटपीस आणून देतात, आणि मी त्यांचे पैसे मोजून देते. ते आधी घेत नव्हते. मी त्यांना माझी वही दाखवली.

मागच्या टेबलावर तीन पोळपाट ठेवले आहेत, आणि तो तडा गेलेला चौरंगही आणला आहे. उलटा करून बघा, फेव्हिकॉल कुठे लावला होता ते अजून दिसतं. मिस्त्रीही आज आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. धारेचे प्रश्न त्यांना विचारा.